दगड बघण्याचा परवाना

अमेरिकेत एक दगड असा आहे की तो बघायला सरकारचा परवाना लागतो. फोडायला नव्हे, उचलून न्यायला नव्हे, त्याच्यावर बंगला बांधायला तर नव्हेच. नुसतं समोर उभं राहून 'वा' म्हणायला. ॲरिझोना आणि युटा या राज्यांच्या सीमेला खेटून, ॲरिझोनाच्या हद्दीत, व्हर्मिलियन क्लिफ्स नावाचं राष्ट्रीय स्मारक आहे. स्मारक म्हटलं की आपल्याला पुतळा आणि त्याखालची कोनशिला दिसायला लागते. इथे नुसतं वाळवंट आणि कडे आहेत. त्यातल्या कायोटी ब्यूट्स नॉर्थ या भागात वाळूच्या खडकात एक खोलगट घळ आहे. तांबडे, केशरी, पिवळसर, पांढुरके पट्टे एकमेकांना लागून वळसे घेत गेलेले. तिला 'द वेव्ह' म्हणतात. तिथे दिवसाला ६४ माणसांना प्रवेश. पासष्टावा कितीही मोठ्या घरचा असो, त्याने घरी बसून फोटो बघावा.

फोटो तुम्हीही बघितला असेल. विंडोज सेव्हनबरोबर जी वॉलपेपरं आली त्यांत तो होता. आमच्या कचेरीत खिडकीकडे तोंड केलेल्या एका संगणकावर हा दगड बरीच वर्षं मुक्कामाला होता. रांगेतल्या अर्जदारांना दुसरा उद्योग नसायचा, ते त्याच्याकडे बघत उभे राहायचे. दिवसाला ६४पेक्षा नक्कीच जास्त, आणि तेही बिनपरवाना.

मी मात्र परवान्यांच्या धंद्यातला. उभी हयात परवाने देण्यात, न देण्यात, आणि अर्जाला जोडलेल्या झेरॉक्सची आणखी एक झेरॉक्स मागण्यात गेली. त्यामुळे मुलाने फिनिक्सहून व्हिडिओ कॉलवर "बाबा, ऑक्टोबरात तुम्ही याल तेव्हा वेव्हला जाऊ, फक्त परवाना मिळायला हवा" असं म्हटल्यावर माझ्या अंगात निवृत्तीनंतर प्रथमच हुशारी आली.

"साहेब कोण आहे तिथे?" मी विचारलं.

"साहेब नाही बाबा. लॉटरी आहे."

"लॉटरी काढणारा कुणी तरी असेलच ना?"

"कॉम्प्युटर काढतो."

यावर काय बोलायचं? माणसाला चहा पाजता येतो, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करता येते, त्याच्या गावचं ग्रामदैवत आपलं कुलदैवत निघू शकतं. कॉम्प्युटरचं गाव कुठलं विचारणार?

तरी मी सगळे नियम मागवून घेतले आणि चष्मा पुसून वाचायला बसलो. ही जमीन ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे, म्हणजे तिकडचं जमीन खातंच म्हणा. त्यांच्या ताब्यात सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. एवढ्या जमिनीच्या मालकाने एका घळीसाठी इतकी कलमं लिहावीत याचं मला कौतुक वाटलं. कारणही लेखी दिलेलं आहे. खडक मऊ आहे, त्याच्या पातळ कडा बुटाखाली तुटतात, आणि एकदा तुटली की ती कड परत उगवत नाही. शिवाय हा भाग १९८४ साली कायद्याने 'रानवट' ठरवलेला. मोटार नाही, सायकल नाही, ड्रोन नाही, पाटी नाही, पायवाटही आखलेली नाही. माणसाने जावं, बघावं आणि आपण आलो होतो याचा पुरावा न ठेवता परतावं. ज्या देशात आपण प्रत्येक किल्ल्यावर बदामात दोन नावं कोरलेली पाहतो, त्या देशातल्या माणसाला ही शेवटची अट सगळ्यात अवघड.

आधी इतकीही माणसं सोडत नसत. २०२१च्या फेब्रुवारीपर्यंत रोज फक्त २० जण. त्यातले दहा ऑनलाइन आणि दहा कनॅब नावाच्या गावात प्रत्यक्ष हजर राहून. कनॅब हे युटातलं लहानसं गाव. जुन्या काळी घोडे आणि बंदुकांचे पुष्कळ सिनेमे त्याच्या आसपास चित्रित झाले. तिथे सकाळी लोक जमायचे, अर्ज भरायचे, प्रत्येक अर्जाला क्रमांक पडायचा, आणि मग एका जाळीच्या गोल पिंजऱ्यात क्रमांकाच्या गोट्या फिरवून सोडत निघायची. हे ऐकून मी हळहळलो. ही खरी पद्धत. सर्वांसमक्ष, पंचांच्या सहीने नोंद करता येईल अशी. गोटी बाहेर येताना ज्याचा नंबर लागला तो उडी मारणार, ज्याचा नाही तो पिंजरा नीट फिरवला नाही अशी तक्रार करणार. शासन आणि जनता यांच्यात इतका जिव्हाळा हल्ली कुठे उरलाय? पुढे गर्दी इतकी वाढली की हॉलमध्ये दीडदोनशे माणसं दहा जागांसाठी उभी राहू लागली, आणि सगळं मोबाइलवर गेलं.

आता चौसष्टातल्या ४८ जागांची सोडत चार महिने आधी सुरू होते. ऑक्टोबरात जायचं तर जूनमध्ये अर्ज करायचा, निकाल एक जुलैला. अर्जाची फी नऊ डॉलर, नंबर लागो न लागो, परत नाही. लागला तर माणशी सात डॉलर आणखी. कुत्रा न्यायचा असेल तर कुत्र्याचेही सात. माझी आणि कुत्र्याची फी सारखीच आहे हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण नातीने वाचून दाखवलं.

आणि मग ते कलम. ४८ माणसं किंवा १२ गट, यांपैकी जे आधी भरेल ते. म्हणजे बारा एकटे जीव नंबरात आले तर अठ्ठेचाळीसांची सोडत बारा जणांत आटोपली. ज्याने हे 'किंवा' लिहिलं त्याच्या पायाची धूळ मस्तकी लावावी. असं एक 'किंवा' सुचायला तीस वर्षं टेबलामागे बसावं लागतं.

आपल्याकडच्या म्हाडाच्या सोडतीत निदान कोटे तरी असतात. पत्रकार, कलावंत, राज्य शासनाचे कर्मचारी, स्वातंत्र्यसैनिक. कुठल्या ना कुठल्या रकान्यात आपलं बोट अडकतं. मी कायोटी ब्यूट्सचा अर्ज वरून खाली आणि खालून वर पाहिला. ज्येष्ठ नागरिक नाही, निवृत्त कर्मचारी नाही, परदेशातून आलेले आईवडील नाही. इतका कोरडा अर्ज मी पाहिलेला नाही. आमचा एक पुतण्या हिंजवडीला असतो, तो म्हणाला, "काका, एकाच्या नावे दहा खाती काढून दहा अर्ज टाकतो." तेही कलम होतं. एका माणसाचा महिन्याला एकच अर्ज, दुसरा सापडला की दोन्ही बाद. पुतण्याचं तोंड पडलं. माझी छाती मात्र फुगली. शेवटी तिकडे बसलेला असो की इकडे, कारकून पुतण्यांना ओळखून असतो.

खरा पेच पुढे होता. एका गटात जास्तीत जास्त सहा माणसं. आमच्या घरी त्या सुमारास मुलगा, सून, नात, आम्ही दोघं आणि सुनेचे आईवडील असे सात जण असणार होतो. दोन्हीकडचे व्याही एकाच वेळी अमेरिकेत, ही कल्पना मुलाची. त्याला वाटलं विमानतळावरच्या फेऱ्या वाचतील. सातातला एक कमी करायचा होता आणि तो कोण हे कुणीही उच्चारत नव्हतं. "नात लहान आहे, तिला कशाला मोजायचं?" असं मी सुचवून पाहिलं. मोजतात. कडेवरचं मूलसुद्धा माणूस धरतात. आपल्या एसटीत अर्धं तिकीट असतं, पाच वर्षांखालचं तर फुकट, पण खडकाच्या हिशेबी सगळे बूट सारखे.

आमचे व्याही सांगलीचे, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. वेव्हचं नाव निघाल्यापासून ते रोज सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक धडा टाकत होते. हा खडक ज्युरासिक काळातला, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा या भागात वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. वारा वाळू चढवायचा, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर ती घसरायची, त्यावर पुढचा थर. टेकड्या सरकत राहिल्या, एकावर एक गाडल्या गेल्या, आणि त्या तिरप्या थरांचा खडक झाला. त्याचं नाव नवाहो सँडस्टोन. रंग लोहाच्या ऑक्साइडचे. आधी पाण्याने घळ कोरली, आता वारा तिला घासतोय. "आपला सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा," त्यांनी लिहिलं, "म्हणजे या खडकापुढे अगदी तरणा." पुण्याच्या माणसाला सह्याद्रीचं वय काढलेलं आवडत नाही. मी नुसता अंगठा पाठवला.

त्यांचा डायनोसॉरचा धडा मात्र मला मनापासून आवडला. २००८ साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी जाहीर केलं की वेव्हच्या जवळच एका खडकावर डायनोसॉरच्या पावलांचे हजाराहून अधिक ठसे आहेत. इतके दाट की त्या जागेचं नाव डायनोसॉरांची नाचाची जागा असं पडलं. जगभर बातम्या झाल्या. मग दुसरे काही तज्ज्ञ बूट घालून तिथे गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, हे ठसे दिसत नाहीत, हे रांजणखळगे दिसतात. काही आठवड्यांत नाच बंद. व्याही लिहितात, "आमच्याकडून वर्गाची सहल निघोजला न्यायचो, तिथे कुकडीच्या पात्रात याहून देखणे रांजणखळगे आहेत, आणि तिथे कुणी नाचलं असा दावा अजून कुणी केलेला नाही."

तारखांचं बघा. अर्जात तीन तारखा देता येतात. तीन तारखा आणि सात माणसं म्हणजे काय होतं हे ज्याने साखरपुडा ठरवलाय त्याला सांगायला नको. मुलाला शुक्रवार हवा होता, कारण सुटी जोडून येते. मी म्हटलं, शुक्रवार सगळ्या अमेरिकेला हवा असणार, मंगळवार टाक. विहीणबाईंनी कालनिर्णय उघडलं. त्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर असला तरी नंबर लागायचा तो दिवस बघूनच लागतो; अमावास्या नको, आणि दिवाळीच्या चार दिवसांत घर सोडून दगडाकडे कोण जातं? शेवटी एक तारीख रजेची, एक पंचांगाची आणि एक माझ्या मंगळवारची अशी तडजोड झाली. परवानाधारक मुलगा. पर्यायी परवानाधारक म्हणूनही एक नाव देता येतं, मुख्य माणूस आजारी पडला तर तो गट नेऊ शकतो. पोस्टाच्या खात्याला नॉमिनी लावतात तसला हा प्रकार बघून मला परकं वाटेनासं झालं. ते नाव सुनेचं पडलं. मला विचारलंही नाही. "बाबा, तुम्हाला गाडी चालवता येत नाही ना तिकडे," असं कारण दिलं.

सातव्या माणसाचा प्रश्न सुटला तो अनपेक्षितपणे. वायर पास नावाच्या जागी गाडी लावून चालायला सुरुवात होते, जाऊन-येऊन सुमारे दहा किलोमीटर. गाडीतळावर एक शौचालय आहे. "आणि पुढे?" बायकोने विचारलं.

"पुढे काही नाही, आई. म्हणजे... पिशवी असते. सोबत परत आणायची."

"कचऱ्याची?"

"हो. म्हणजे, सगळ्याची."

बायको मिनिटभर गप्प बसली. वाळवंटात काही लवकर कुजत नाही, पाऊस कमी, किडे कमी, जे टाकाल ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, वगैरे व्याह्यांनी शास्त्रीय कारण लगेच पाठवलं, पण तिचा निर्णय झाला होता. "अहो, मी गाडीत बसते. स्वेटर विणीन." सात उणे एक सहा. अर्ज गेला.

एक जुलैला नकार आला. दोन ओळींचा. त्रुटी दाखवलेली नाही, फेरअर्जाची मुदत नाही, 'कार्यालयात समक्ष भेटावे' नाही. नकार कसा द्यावा याचंही एक शास्त्र आहे. अर्जदाराला वाटलं पाहिजे की अजून एक कागद असता तर काम झालं असतं. त्या एका कागदाच्या आशेवर माणसं वर्षं काढतात. इथे आशेला जागाच ठेवलेली नाही.

मग नोव्हेंबरसाठी पुन्हा अर्ज. आणि त्याच्या जोडीला मुलाने ऑक्टोबरसाठी दुसरी योजना काढली. उरलेल्या सोळा जागांची सोडत रोज निघते, जायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी. पण त्यासाठी अर्ज करणाऱ्याचा मोबाइल प्रत्यक्ष त्या परिसरात असावा लागतो, कनॅब किंवा पेज या गावांच्या आसपास. मोबाइल स्वतःच साक्ष देतो की मालक कुठे आहे. आज अर्ज, संध्याकाळी निकाल, उद्या सकाळी साडेआठला कार्यालयात सुरक्षिततेचं व्याख्यान ऐकायला हजर, परवा चालायचं. व्याख्यान चुकलं तर परवाना गेला. हिंजवडीचा पुतण्या पुन्हा म्हणाला की मोबाइलला आपण कनॅबला आहोत असं भासवता येतं. त्याला म्हटलं, बाबा रे, व्याख्यानाला बसायला मोबाइलच पाठवणार आहेस का?

साडेआठ. पण कुणाचे साडेआठ? यावर मी एक संपूर्ण आठवडा... असू दे, पुष्कळ वेळ घालवला. युटा राज्य उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं. ॲरिझोना करत नाही. त्यांना उन्हाचा एक तास वाढवून मिळण्यात रस नाही, आणि फिनिक्सचा उन्हाळा सोसलेला कुणीही ॲरिझोनाच्याच बाजूने मत देईल. पण ॲरिझोनातच नवाहो लोकांचं मोठं राष्ट्र आहे, ते घड्याळ पुढे करतं. आणि नवाहोंच्या पोटात होपी लोकांची भूमी आहे, ते करत नाहीत. म्हणजे ऑक्टोबरात फिनिक्सहून फ्लॅगस्टाफमार्गे निघालं की नवाहो हद्दीत शिरताना एक तास गेला. पेजला पोचलो की परत मिळाला. युटात शिरलो की पुन्हा गेला. वायर पासला गाडी लावली तेव्हा आपण युटात, चालता चालता सीमा ओलांडून ॲरिझोनात, आणि वेव्हसमोर उभे राहतो तेव्हा चालण्यातला एक तास आपण चाललोच नाही असं मोबाइल सांगू शकतो. मी वहीत तक्ता केला: गाव, हद्द, घड्याळ, नक्त वेळ. मुलाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "बाबा, कनॅब युटात आहे. आपण युटाचीच वेळ धरायची, बस." तरुण पिढीला नोंदवहीची गोडी नाही.

वाटेबद्दलची माहितीही मला कचेरीच्या वळणाची वाटली. वाट आखलेली नसल्यामुळे परवान्याबरोबर एक फोटोंचा नकाशा देतात. अमुक टेकडी डावीकडे ठेवा, दोन जुळ्या टेकड्यांच्या मधून जा, लांबवर कड्यात उभी काळी चीर दिसेल तिच्या रोखाने चला. आणि सारखं मागे वळून बघा, कारण परतताना तीच टेकडी वेगळी दिसते. हे मागे वळून बघणं आमच्या वयाच्या माणसांना वेगळं शिकवावं लागत नाही.

एका गोष्टीला मात्र मी हसत नाही. २०१३च्या जुलैत या वाटेवर तीन माणसं उन्हाने गेली. एक वयस्क जोडपं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी सत्तावीस वर्षांची एक तरुणी. सावली नाही, पाण्याचा थेंब नाही, खडक तव्यासारखा तापतो. म्हणून माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर पाणी नेण्याची ताकीद आहे आणि ती मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. सहा माणसं, तेवीस लिटर. नात म्हणाली, तेवीस किलो म्हणजे माझ्याएवढं वजन झालं. व्याही म्हणाले, जाताना जड, येताना हलकं. विहीणबाई म्हणाल्या, त्यात डबे धरलेले नाहीत.

डब्यांची यादी त्यांनी सांगलीहूनच पाठवली होती. भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगांची चटणी, लिंबाचं गोड लोणचं, राजगिऱ्याच्या वड्या, आवळासुपारी. अमेरिकन लोक अशा वाटेवर कागदात गुंडाळलेल्या दाण्यांच्या चिकट कांड्या खातात. सुनेने त्या कांड्यांचा एक डबा घेऊ असं सुचवलं तेव्हा तिच्या आईने तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती व्हिडिओ कॉलवरही नीट पोचली. घामाने मीठ जातं हे शास्त्र आहे, आणि मीठ परत आणायला भडंगाहून चांगलं साधन ज्युरासिक काळापासून निघालेलं नाही, असं व्याह्यांनी प्रमाणपत्र दिलं. भडंगाचा एकही कुरमुरा खडकावर सांडू द्यायचा नाही, ही जबाबदारी माझ्यावर आली. ती मी लेखी घेतली.

रस्ताही सोपा नाही. हायवे ८९ सोडला की वायर पासपर्यंत तेरा-चौदा किलोमीटर कच्ची वाट, चिकण मातीची. कोरडी असताना धूळ, ओली झाली की साबण. पाऊस पडला तर भलीभली गाडी तिथेच रुतते, आणि सोडत लागलेली तारीख रस्ता वाळायची वाट बघत थांबत नाही. भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर नेऊ नये असं बारीक अक्षरात असतं. मुलाने ते वाचलेलं नव्हतं. बारीक अक्षर वाचायला घरात एक म्हातारा लागतो.

मधल्या काळात मी सुचवलं, इतका आटापिटा करण्यापेक्षा टोडस्टूल्स बघू या. हायवेपासून थोडं चाललं की खडकाच्या खांबांवर खडकाच्या टोप्या घातलेल्या दिसतात. फुकट. परवाना नाही, सोडत नाही, चार महिने थांबणं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू लग्नात मी कुणाला तरी नोंदणी पद्धतीचं सुचवलंय. मला ते अपेक्षितच होतं. ज्या गोष्टीला नकार मिळू शकत नाही तिच्यासाठी कुणी रांगेत उभं राहत नाही. आमच्या कचेरीत एका साध्या दाखल्याची अट एकदा शासनाने काढून टाकली. तरी वर्षभर लोक येऊन म्हणायचे, साहेब, लागत नसला तरी एक देऊन ठेवा. दिवसाला चौसष्टांची अट काढून सगळ्यांना मोकळं केलं, तर वेव्ह दगड म्हणून आहे तेवढीच सुंदर राहील, पण सांगलीहून दशम्या घेऊन तिच्याकडे कोण जाणार?

एक ऑगस्टला मुलाचा दुसरा नकार आला. तोही दोन ओळींचा, पहिल्यासारखाच. मजकुरात काही बदल करावा इतकीही सहानुभूती नाही. मी ग्रुपवर दुःखद बातमीचा चेहरा टाकला. अर्ध्या तासाने व्याह्यांचा संदेश आला. संदेश नव्हे, धडाच.

जुलै महिन्यात त्यांनी स्वतःच्या नावे गुपचूप एक अर्ज टाकला होता. माणसं सहा. तारीख नोव्हेंबरातली. नंबर लागला होता.

सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी वेळेच्या तक्त्याकडे बघितलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी युटा घड्याळ मागे घेतं, त्यानंतर दोन्ही राज्यांत एकच वेळ. वही मिटली. पण मोठा गोंधळ पुढे झाला. विहीणबाई जाणार हे पक्कं झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, मग मीही येणार. त्या पिशव्या वापरणार आणि मी गाडीत स्वेटर विणू?" सहा अधिक एक पुन्हा सात.

आता नियम बघा. परवानाधारक हजर असलाच पाहिजे, म्हणजे व्याही आले. पर्यायी नाव त्यांनी स्वतःच्या लेकीचं दिलेलं, म्हणजे सून आली. गाडी चालवायला मुलगा हवा. नातीला वगळलं तर घरात कुणी जेवणार नाही. उरल्या तीन जागांपैकी, म्हणजे नाही, दोन; विहीणबाई, आमच्या सौ. आणि मी. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की जागा मर्यादित असल्यामुळे आपला अर्ज विचारात घेता येत नाही. हे वाक्य ऐकायला कसं वाटतं हे मला आता कळलं. फार खराब वाक्य आहे.

रात्री व्याह्यांना फोन केला. आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. मग सांगलीच्या पावसाची. मग त्यांच्या जुन्या कॉलेजची. ते सगळ्याची उत्तरं समाधानाने देत होते. माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसला की त्याच्या आवाजात एक सैलपणा येतो, तो मी लगेच ओळखला.

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "आमच्या दोघांचं काय ते बघा."

"बघू या ना," ते म्हणाले. "पण माझं एक म्हणणं आहे. इतक्या मोलाची जागा आहे, तर बघणाऱ्याला कळायला हवं तो काय बघतोय. विहीणबाईंना विचारलं, त्यांना तिरपे थर बरोबर सांगता आले."

"कुणाला? आमच्या हिला?"

"हो. कालच फोन आला होता त्यांचा."

म्हणजे अर्ज माझ्या आधी दाखल झालेला होता. सध्या मी ज्युरासिक, तिरपे थर आणि लोहाचे ऑक्साइड पाठ करतोय. रविवारी संध्याकाळी तोंडी परीक्षा आहे. काल कुरिअरने सांगलीला कैरीच्या लोणच्याची एक बरणी रवाना केली. तिचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही.